छोट्या होम केअर ब्युरोची गुणवत्ता कशी जोखायची? (नेरूळ / ठाणे परिसर)

पामबीचवाला

नमस्कार मंडळी,

नेरूळच्या आमच्या ज्येष्ठ नागरिक संघात सध्या एकच विषय घोळतोय. बऱ्याच सभासदांची मुलं बाहेरगावी किंवा परदेशी, आणि घरात दोघांपैकी एक अंथरुणाला. 'चांगली बाई मिळेल का हो?' हा प्रश्न रोजचा झालाय. आता पेशंट सांभाळायला घरी माणसं पाठवणारा इथलाच एक छोटा ब्युरो संघाकडे आला आहे. सध्या त्यांचे बारा पेशंट आहेत, वीसेक मावश्या आणि काही ब्रदर. चालवणाऱ्या बाई आधी हॉस्पिटलात होत्या. त्यांचं म्हणणं असं की आमचं नाव संघाच्या फलकावर लावा, सभासदांना रजिस्ट्रेशन फी माफ.

कार्यकारिणीत दोन तट पडलेत. एक म्हणतो लावा, ओळखीच्या बाई आहेत. दुसरा म्हणतो, उद्या काही बरंवाईट झालं तर लोक ब्युरोला सोडून संघाला धरतील. माझं मत असं की नाव लावायचं तर आधी नीट बघून. पण बघायचं म्हणजे नेमकं काय? त्यांच्या पत्रकावर '९८ टक्के समाधानी कुटुंबे' असं छापलंय. बारा कुटुंबांत ९८ टक्के कसे बसवले ते काही मला उमगलं नाही.

कुणाकडे एखादा फॉर्म-बिर्म असेल तर तोही चालेल.

घोडबंदरी

वाचनखूण साठवली. आमच्याकडेही लवकरच लागणार आहे. कागदपत्रं मागा सरळ: गुमास्ता (दुकान-आस्थापनेची नोंदणी), पोलीस व्हेरिफिकेशन, आधार, ट्रेनिंगचं सर्टिफिकेट. जो देईल तो चांगला.

नौपाड्याची

कागदपत्रं हवीतच, पण तेवढ्यावर विसंबू नका. आमच्याकडे ज्या ब्युरोची बाई होती (नाव लिहीत नाही) त्यांची फाईल बघून कुणीही खूश झालं असतं. सगळं लॅमिनेट केलेलं! पक्षाघातानंतर बाबांची उजवी बाजू हलत नव्हती. दर दोन तासांनी कूस बदलायची असं ठरलं होतं, आणि रात्रीच्या वहीत १२, २, ४, ६ अशा नोंदी न चुकता असायच्या. पण सकाळी बघावं तर पाठीवर चादरीच्या चुणीचा खोल वळ, रोज त्याच जागी. आणि रात्री झाकून ठेवलेलं पाण्याचं भांडं काठोकाठ तसंच. मग माकडहाडावर लाल चट्टा उठला. ब्युरोला फोन केला तर म्हणे, 'मॅडम, वय झालंय ना त्यांचं. आमची वही बघा, सगळं लिहिलेलं आहे.'

घोडबंदरी, ट्रेनिंगचं सर्टिफिकेटही होतं हो त्या बाईकडे.

वॉर्डातली_ताई

मी निवृत्त मेट्रन आहे. पामबीचवाले, आधी एक विचारते: तुम्हाला मावश्या जोखायच्यात की ब्युरो? चांगली मावशी गचाळ ब्युरोतही सापडते, तो नशिबाचा भाग. संघ नाव लावणार ते ब्युरोचं. तेव्हा मावशी कितीही गुणाची असो, ती तापाने पडली तर तिच्या जागी कोण येतं आणि काय माहिती घेऊन येतं, हे ब्युरोचं काम. तिथे बघा.

आम्हाला डोनाबेडियन या डॉक्टरांची १९६६ सालची मांडणी शिकवायचे. साधनं नि माणसं कशी आहेत, काम कसं होतं, आणि पेशंटचं शेवटी काय झालं, अशा तीन पायऱ्या. तुमची फाईल पहिल्या पायरीवरच संपते. म्हणून घरी जा. पेशंटची आणि घरच्यांची परवानगी घेऊन, पण घरं तुम्ही निवडा, ब्युरोला निवडू देऊ नका.

गेल्यावर टाचा बघा. पाठ सगळे बघतात, टाच कुणी उचलून बघत नाही. लाल डाग दिसला तर बोटाने दाबा. बोट काढल्यावर क्षणभर फिका पडून पुन्हा लाल झाला तर रक्त खेळतंय. दाबूनही लालच राहिला तर बेडसोअरची (पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची) सुरुवात झालेली आहे, कातडी अखंड दिसली तरी. सावळ्या कातडीवर लाली दिसतेच असं नाही, तिथे हात लावून बघायचं. आजूबाजूपेक्षा गरम किंवा टणक लागतं. हवेची गादी घेतली की कूस बदलायला नको, हा गैरसमज घरच्यांचाही असतो.

मग तोंड. नळीने जेवणाऱ्या पेशंटचं तोंड बहुतेक घरांत कुणी साफ करत नाही, कारण 'ते तोंडाने खातच नाहीत'. जिभेवर पिवळट थर, ओठांच्या कोपऱ्यांत भेगा, टाळूला सुकलेली लाळ चिकटलेली. तीच लाळ जंतू घेऊन छातीत उतरते आणि न्यूमोनिया होतो. तोंडाचा वास आला तर ब्युरोला विचारा की पहिल्या दिवशी मावशीला तोंड कसं पुसायचं ते कुणी दाखवलं होतं का.

नळीने भरवताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर हवी, भरवून झाल्यावरही निदान अर्धा तास तशीच. हे विचारलंत तर सगळ्या बरोबर सांगतील. जेवणाच्या वेळेला जाऊन बघा.

लघवीची पिशवी कायम मूत्राशयाच्या खाली, पण फरशीला टेकलेली नको. खुर्चीत बसवताना ती पेशंटच्या मांडीवर ठेवायची सवय फार आहे. त्याने लघवी उलट जाते.

आणि इंजेक्शन कोण देतं ते विचारा. जीएनएम किंवा एएनएम हा नर्सिंगचा कोर्स झालेली आणि महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलकडे नोंदणी असलेली, तीच सिस्टर. पांढरा कोट घालून येणारी प्रत्येक मुलगी सिस्टर नसते. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका.

शेवटचं. ब्रेडन स्केल नावाचा एक तक्ता आहे, ६ ते २३ गुणांचा. १८ किंवा त्याखाली आले की बेडसोअरचा धोका धरायचा. पाच मिनिटांचं काम आहे. ब्युरोकडे तो नसला तर मी एकवेळ चालवून घेईन. पण पेशंट न बघता फोनवर वजन आणि पत्ता विचारून बाई पाठवणारा ब्युरो मला चालणार नाही.

पामबीचवाला

ताई, दंडवत. प्रिंट काढून घेतोय. टाच आमच्या कुणाच्या डोक्यातही आली नसती.

टीटीसी_बेल्ट

मी महापे एमआयडीसीत क्वालिटी बघतो. माणसांची नव्हे, पार्टांची. पण आकड्यांवर बोलू शकतो.

तुमच्या ९८ टक्क्यांचं कोडं: बारांत एक नाराज असेल तर समाधानी ९१.७ टक्के. एकही नसेल तर १००. मधे काही नाहीच. म्हणजे पत्रक दुसऱ्या कुणाचं तरी उतरवलेलं आहे.

पण दुसरी बाजूही बघा. 'आमचा एकही पेशंट पडला नाही' याला टाळ्या वाजवू नका. बारांपैकी शून्य पडले, तरी पडण्याचं खरं प्रमाण शेकडा २२ पर्यंत असू शकतं, असं ९५ टक्के खात्रीच्या हिशेबाने निघतं. (ढोबळ नियम: एकही घटना नसेल तर ३ भागिले नमुना. नमुना छोटा असला की किंचित जास्त येतं.) आणि एकाला बेडसोअर झाला म्हणून ब्युरोला सुळावरही चढवू नका. जो ब्युरो जड, पूर्ण परावलंबी पेशंट घेतो त्याच्याकडे जखमा दिसणारच. फक्त चालते-फिरते आजोबा घेणारा स्वच्छ दिसेल, काहीही न करता.

हॉस्पिटलं पडण्याचे प्रसंग दर १००० पेशंट-दिवसांमागे मोजतात. बारा पेशंटचे १००० दिवस भरायला जवळपास तीन महिने लागतात, आणि तेवढ्यात एक-दोन प्रसंग झाले काय नि न झाले काय, त्यावरून निष्कर्ष निघत नाही. इतक्या छोट्या जागी टक्केवारी सोडा, एकेक प्रसंग हातात घ्या. त्यांना म्हणा, गेल्या सहा महिन्यांत जे जे बिनसलं ते सांगा. प्रत्येक वेळी घरच्यांना कधी कळवलं, पुढे काय बदललं? 'आमच्याकडे असं काही झालंच नाही' असं उत्तर आलं तर नोंद ठेवत नाहीत असं समजायला हरकत नाही.

नौपाड्याची, तुमच्या त्या वहीतल्या नोंदी एकाच पेनाने, एकाच ओळीत सरळ होत्या का? शॉपफ्लोअरवर आम्ही असा तक्ता लांबूनच ओळखतो. पाळी संपताना बसून भरलेला असतो. खरी नोंद १२:१०, २:४० अशी असते, मधे एखादी 'झोप लागली होती, हलवलं नाही', कडेला चहाचा डाग.

नौपाड्याची

अगदी तेच! आणि ६ ची नोंद मी पावणेसहाला वाचली होती.

कळव्याचा_ब्युरो

मीही छोटा ब्युरो चालवतो, तेव्हा आमची बाजू. सगळे आम्हालाच तपासायला निघालेत. पार्टी, म्हणजे पेशंटच्या घरचे, कोण तपासणार? कमिशन वाचवायला महिन्याभरात मुलीला परस्पर फोडतात, आणि ती गावाला गेली की रात्री दहाला मलाच फोन, 'बदली पाठवा'. ऐंशी किलोचा पेशंट, घरात धडधाकट मुलगा, पण पेशंट उचलायला एकटी मुलगी. वर तिने भांडीही घासावीत ही अपेक्षा.

तरीही पामबीचवाल्यांना एक खरी चाचणी सांगतो, माझ्यावरही उलटेल ती. त्या बाईंना विचारा, गेल्या गणपतीत काय केलंत? आमच्या निम्म्याहून जास्त मुली कोकणातल्या. गणपतीला त्या थांबत नाहीत आणि थांबवूही नये. त्या आठवड्यात बदली पैसे देऊनही मिळत नाही. मग कुठलं घर किती दिवस रिकामं राहिलं, घरच्यांना किती आधी सांगितलं, जड पेशंटना आधी माणूस दिला का, की जो जास्त ओरडला त्याला? ज्याने त्या आठवड्याचं नियोजन आषाढात केलं तो ब्युरो चालवतो. बाकीचे नुसते फोन जोडून देतात.

रविवारचंही बघा. ट्रान्सहार्बरला मेगाब्लॉक असला की सकाळी आठची मुलगी अकराला पोचते. रात्रीची तोवर थांबते का, आणि त्या तीन तासांचे पैसे तिला कोण देतं?

टीटीसी_बेल्ट

गणपतीच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. ताण आला की पद्धत उघडी पडते.

संस्कारी_ठाणेकर

हे सगळं वाचून वाईट वाटतं. आई-वडिलांची सेवा आउटसोर्स करायची आणि मग तिचं ऑडिट करायचं. पूर्वी घरोघरी सुना-लेकी करत होत्याच की.

नौपाड्याची

काका, त्या सुना-लेकींच्या कंबरा विचारा. मी नोकरी करून रात्री बाबांचं करत होते. विषय ब्युरोचा आहे, धागा भरकटवू नका.

दिव्याची_पोर

माझी आई हे काम करते. दिव्याहून घोडबंदरला जाते. ती शेजारी बसून सांगतेय, मी लिहितेय.

आई म्हणते, ब्युरो कसा आहे ते मावशीला विचारा, पण घरच्यांसमोर नको आणि ब्युरोवालीसमोर तर नकोच. जिन्यात विचारा. पगार किती तारखेला होतो? आजारी पडलं तर खाडा लावतात का? कमिशन किती कापतात ते आधी सांगतात का? पगार दहाचा वीस तारखेला गेला की मावश्या टिकत नाहीत, आणि मावशी बदलली की पेशंटला पुन्हा नवा हात. आजोबांना घास किती मोठा चालतो, कुठल्या कुशीवर दुखतं, हे नवीन बाईला कळेपर्यंत हाल त्यांचेच होतात.

दुसरं, नवीन घरी पाठवताना पेशंटला काय झालंय ते सांगतात का? आईला एका घरी औषधाच्या पाकिटावरून कळलं की पेशंटला टीबी आहे. ब्युरोला माहीत होतं. सांगितलं असतं तर आई मास्क लावून गेली असती, नाही म्हणाली नसती.

तिसरं ती बोलत नव्हती, मीच लिहिते. काही घरांत पेशंट किंवा घरातला पुरुष अंगाला हात लावतो. तक्रार केली की उत्तर मिळतं, 'ॲडजस्ट कर, म्हातारं माणूस आहे.' अशा वेळी ब्युरो काय करतो हेही तुमच्या तपासणीत घ्या.

वॉर्डातली_ताई

दिव्याची पोर, आईला माझा नमस्कार सांग. जिन्यात विचारा हे मलाही सुचलं नव्हतं.

कोर्टनाका

कायद्याचं थोडक्यात. वर गुमास्त्याचा उल्लेख आला. २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार कामगार ठराविक संख्येपेक्षा कमी असतील तर नुसती सूचना द्यायची असते, आणि नोंदणी असली तरी तिचा सेवेच्या दर्जाशी काही संबंध नाही. वडापावच्या दुकानालाही तोच कायदा.

ब्युरोमार्फत पैसे देऊन सेवा घेतली तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली सेवेतील त्रुटीची तक्रार करता येते, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला जिल्हा आयोगात फी नाही. आधी १९१५ या हेल्पलाइनवर बोलून बघा. मात्र ब्युरोला वगळून तुम्ही थेट बाई ठेवलीत तर ती वैयक्तिक नोकरी ठरते आणि या कायद्यातल्या 'सेवे'च्या बाहेर जाते. कमिशन वाचवणाऱ्यांनी हे वाचावं. संघाने शिफारस करताना ब्युरोकडून लेखी करार मागावा: बदली किती तासांत, प्रसंग घडला तर कोण कळवणार, पावती कुणाच्या नावाची.

दिव्याची पोर, कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याने घरकाम करणाऱ्या स्त्रियांनाही संरक्षण आहे. कामाच्या ठिकाणी दहापेक्षा कमी लोक असतील तर तक्रार जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे करता येते. ठाणे जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करा.

ज्येष्ठांसाठी १४५६७ ही एल्डरलाइनही आहे, छळ किंवा दुर्लक्ष झालं तर.

लीड्सहून

आई-बाबा कोपरखैरण्यात, मी इंग्लंडमध्ये केअर एजन्सीत कामाला. इथे घरी जाऊन अंघोळ-जेवण अशी वैयक्तिक काळजी देणाऱ्या एजन्सीला केअर क्वालिटी कमिशनकडे नोंदणी सक्तीची आहे. ते पाच गोष्टी बघतात: सुरक्षित आहे का, उपयोग होतो का, आपुलकीने करतात का, गरजेप्रमाणे बदलतात का, आणि कारभार कसा आहे. चारपैकी एक श्रेणी मिळते, अहवाल सगळ्यांना वाचायला खुला.

पण हेवा करू नका. २०२४ च्या सरकारी आढाव्यातच निघालं की कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षं फेरतपासणी झालेली नाही. भिंतीवर जुना 'गुड' आणि मधल्या काळात मॅनेजर, माणसं सगळं बदललेलं. तेव्हा संघाने नाव लावलंच तर तारखेसकट लावा आणि मुदत घाला.

इथली एक सवय घेण्यासारखी आहे. सोडून गेलेल्या कुटुंबांनाही फोन करतात. चालू कुटुंब खरं बोलायला कचरतं, उद्या सकाळी तीच बाई यायची असते.

पामबीचवाला

मंडळी, अपडेट. ब्युरोच्या बाईंना भेटून आलो. ९८ टक्क्यांचं विचारल्यावर त्या हसल्या, म्हणाल्या प्रिंटरकडे आधीच्या कुणाचं तरी डिझाइन होतं, तेच घेतलं. पत्रक बदलते म्हणाल्या.

गणपतीचं विचारलं तेव्हा मात्र त्यांनी स्वतःहून वही काढली. चहाचे डाग होते, टीटीसी! गेल्या गणपतीत दोन घरं अडचणीत होती. एका घरी त्या स्वतः रात्रपाळीला गेल्या, दुसऱ्याला आधी सांगून मुलीला पुण्याहून बोलावून घ्यायला लावलं. सोडून गेलेल्या कुटुंबांची नावं मागितल्यावर चेहरा उतरला, 'त्यातल्या एक बाई माझ्याबद्दल वाईटच बोलतील' म्हणाल्या. आम्ही म्हटलं, त्यांच्याशीच आधी बोलायचंय. त्या घरांना विचारून नंबर देते म्हणाल्या आणि दिलेही. बोललो. त्या बाईंची तक्रार उशिरा येणाऱ्या बदलीची होती, पेशंटच्या निगेची नव्हे.

कच्चे दुवे: पहिल्या दिवशी पेशंट बघायला कुणी जात नाही, फोनवरच ठरतं. आणि नवीन मावशीला आधीची मावशी फक्त फोनवर सांगते, लेखी काही नाही. दोन्ही सुधारायला तयार आहेत, पण म्हणतात पहिल्या भेटीचा खर्च कुटुंबांनी उचलावा. मला ते रास्त वाटतं. कार्यकारिणीतल्या काहींना नाही.

तूर्तास फलकावर नाव नाही. संघाकडे एक वही ठेवायची, त्यात आम्ही कुठल्या ब्युरोच्या किती घरी जाऊन काय बघितलं ते तारखेसह लिहायचं; सभासदांनी वाचून स्वतः ठरवायचं. सहा महिन्यांनी नोंद बाद. इतर ब्युरोंनाही दार उघडं. फी माफीचं आम्ही नको म्हटलं. ती घेतली की वहीत खरं लिहिताना हात अडतो.

कळव्याचा_ब्युरो

पहिल्या भेटीचे पैसे मागणं बरोबरच आहे. त्यांना सांगा, पुढे बाई घेतली तर ते पैसे बिलात वजा करा. मी तसं करतो, पार्ट्या कुरकुरत नाहीत.

पामबीचवाला

हे चांगलं सुचवलंत, उद्याच सांगतो. पहिली भेट सीवूड्सला ठरतेय, नळीवरच्या आजी आहेत, त्यांच्या मुलाची आणि आजींची परवानगी मिळाली. बाईपेशंट म्हणून बरोबर एक स्त्री हवीच. वॉर्डातली ताई, याल का?

वॉर्डातली_ताई

येते. ब्युरोला वार सांगा, वेळ सांगू नका. साडेबारापर्यंत पोचू, एकच्या फीडच्या आधी.